घाबरू नका, असे सांगण्याआधी

२००९ सालच्या ऑगस्टमध्ये आमच्या ओपीडीत कापराचा वास यायचा. सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागाला पावसाळ्यात एरवी फिनेल, घाम आणि ओल्या छत्र्या यांचा मिळून एक वास असतो. त्या महिन्यात तो पार बदलला. समोर बसणाऱ्या कुणाच्या खिशात, कुणाच्या गळ्यात, कुणाच्या पदराच्या टोकाला एक पुरचुंडी बांधलेली असे. आत कुटलेला कापूर आणि वेलदोडा. ही पुरचुंडी दिवसातून चार-पाच वेळा हुंगली की स्वाइन फ्लू होत नाही, असा एसएमएस फिरत होता. व्हॉट्सअॅप तेव्हा आपल्या खिशात आलेले नव्हते, तरी तो निरोप आठवड्याभरात वाड्या-वस्त्यांपर्यंत पोहोचला होता. आमच्या लसीकरणाच्या तारखा मात्र त्याच वाड्यांवर पोहोचायला महिना घेत.

मी तेव्हा पुण्यापासून अडीच तासांवरच्या एका रुग्णालयात होतो. ३ ऑगस्टला पुण्यात चौदा वर्षांच्या एका शाळकरी मुलीचा मृत्यू झाला. या नव्या विषाणूने देशात घेतलेला तो पहिला बळी. त्यानंतर नायडू रुग्णालयाबाहेरच्या रांगा टीव्हीवर दिवसभर दिसू लागल्या. शाळा, मॉल, चित्रपटगृहे काही दिवस बंद झाली. एन-९५ मास्क दुप्पट-तिप्पट भावाने विकले गेले, ज्यांना ते परवडले नाहीत त्यांनी रुमाल बांधले. २३ तारखेला गणपती बसायचे होते, आणि मंडप घालायचा की नाही यावर चौकाचौकांत खल चालला होता. आमच्याकडे एका सकाळी जिथे दीडशे माणसे यायची तिथे सहाशे येऊ लागली. त्यातल्या बहुतेकांना साधी सर्दी होती. काहींना तीही नव्हती. एक गृहस्थ तर फक्त विचारायला आले होते, की पुण्याहून आलेल्या पार्सलातली बाकरवडी खावी की फेकून द्यावी.

आम्ही डॉक्टर लोक दुपारच्या चहाला बसलो की अशा किश्श्यांवर हसत असू. आज त्या हसण्याची मला थोडी लाज वाटते. का, ते पुढे सांगतो.

आधी विषाणूबद्दल. एप्रिल २००९ मध्ये मेक्सिको आणि कॅलिफोर्नियातल्या रुग्णांत तो प्रथम ओळखला गेला. फ्लूच्या विषाणूचे जनुकीय साहित्य आठ तुकड्यांत असते आणि दोन वेगळे विषाणू एकाच पेशीत शिरले तर पत्ते पिसावेत तसे हे तुकडे मिसळू शकतात. या नव्या विषाणूत डुकरांच्या, पक्ष्यांच्या आणि माणसांच्या फ्लूकडून आलेले तुकडे होते. आपल्याकडे मे महिन्यात हैदराबादला पहिला रुग्ण सापडला, तो परदेशातून आलेला प्रवासी होता. ११ जूनला जागतिक आरोग्य संघटनेने महासाथ जाहीर केली. एवढे आम्हाला माहीत होते. तो किती मारक आहे, कुणाला जास्त धरतो, किती महिने राहील, हे जगात कुणालाच नीट माहीत नव्हते.

आणि नेमक्या त्याच जागी नाव आडवे आले. ‘स्वाइन फ्लू’ म्हटले की माणसाच्या डोळ्यांपुढे डुक्कर उभे राहते. विषाणू माणसाकडून माणसाकडे जात होता. शिजवलेल्या मांसाचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. तरी इजिप्तमध्ये एकही रुग्ण सापडलेला नसताना सरकारने देशातली जवळजवळ तीन लाख डुकरे मारायचा हुकूम काढला. कैरोतला कचरा गोळा करणारी कुटुंबे ती डुकरे पाळत आणि शहराचा ओला कचरा ती डुकरे खात. डुकरे गेली, कचरा रस्त्यावर कुजत राहिला आणि फ्लू यायचा तेव्हा आलाच. जागतिक आरोग्य संघटनेने एप्रिल संपता संपता ते नाव वापरणे सोडले, पण एकदा तोंडी बसलेले नाव परिपत्रकाने पुसले जात नाही. आमच्या गावातही डुकरे पाळणाऱ्या वस्तीतल्या मुलांना शाळेत वेगळे बसवल्याचे मी पाहिले आहे. पुढे २०१५ मध्ये त्याच संघटनेने रोगांना गावांची, देशांची, प्राण्यांची नावे देऊ नयेत असा संकेत घालून दिला. तो का घातला हे आपल्याला २०२० मध्ये कळले असते, पण तेव्हा फेब्रुवारीतच कोंबडीचे नाव बद्दू झाले. कोंबडीचा आणि कोरोनाचा काडीचा संबंध नसताना राज्यातल्या पोल्ट्रीवाल्यांना पक्षी उत्पादनखर्चाच्या कितीतरी खाली विकावे लागले, कुणी फुकट वाटले, कुणी पिल्ले आणि अंडी नष्ट केली. कर्जाचे हप्ते भरता न आलेला एक पोल्ट्रीवाला माझ्याकडे झोपेच्या गोळ्या मागायला आला होता. अफवेचे बळी आमच्या मृत्यूंच्या तक्त्यात येत नाहीत.

दुसरी भीती आकड्यांची. साथीच्या सुरुवातीला कुणीतरी भागाकार करतो: एवढे रुग्ण, त्यातले एवढे मेले, म्हणजे शंभरात इतके मरतात. गणित बरोबर असते, पण खालचा आकडा चुकीचा असतो. सुरुवातीला तपासणी होते ती फार आजारी असलेल्यांचीच. घरी दोन दिवस झोपून बरा झालेला माणूस कुठल्याच यादीत येत नाही. त्यामुळे सुरुवातीचा मृत्युदर बहुधा फुगलेला निघतो. पण याची दुसरी बाजूही आहे आणि ती आम्ही डॉक्टर सांगायला विसरतो. आज जो मेला तो दोन-तीन आठवड्यांपूर्वी आजारी पडला होता. साथ वेगाने वाढत असेल तर आज मोजलेल्या रुग्णांपैकी काहींचे मरण अजून मोजायचे राहिलेले असते. म्हणजे एकाच भागाकारात चुका दोन, आणि त्या विरुद्ध दिशांना ओढणाऱ्या. त्या महासाथीत प्रयोगशाळेत सिद्ध झालेले जगभरातले मृत्यू अठरा हजारांच्या थोडे वर होते. नंतर संशोधकांनी बसून हिशेब केला तेव्हा पहिल्या वर्षाचा अंदाज दीड लाख ते पावणेसहा लाख असा निघाला. आणि त्यातले सुमारे ऐंशी टक्के लोक पासष्ट वर्षांच्या आतले होते. म्हाताऱ्यांनी अशाच जातीचा जुना विषाणू तरुणपणी पाहिलेला होता, त्यांना थोडे संरक्षण होते. तरुणांना नव्हते. गरोदर स्त्रियांना धोका विशेष जास्त होता.

आता ते ‘का’ सांगतो.

ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात एका स्थानिक वार्ताहराने मला गाठले. ओपीडीत माणूस मावत नव्हता, माझा घसा बसला होता. मी त्याला सांगितले, ‘घाबरण्याचे काहीही कारण नाही. हा साधा फ्लू आहे. विनाकारण दवाखान्यात गर्दी करू नका.’ दुसऱ्या दिवशी फोटोसकट छापून आले. वरिष्ठांनी कौतुकही केले. नऊ-दहा दिवसांनी एक सव्वीस वर्षांची बाई आमच्याकडे आली, सातवा महिना, ताप येऊन सहा दिवस झालेले. श्वास मिनिटाला चाळीसच्या वर. छातीच्या फोटोत दोन्ही फुप्फुसे पांढरी. ऑसेल्टामिव्हिर ही गोळी पहिल्या अठ्ठेचाळीस तासांत दिली तर खरी कामाची, आणि तेव्हा ती फक्त सरकारी यंत्रणेकडेच मिळत होती, म्हणजे आमच्या कपाटात होती. आम्ही गोळी दिली, ऑक्सिजन लावला, व्हेंटिलेटर लावला. तिसऱ्या दिवशी पहाटे ती गेली. पोटातले बाळ आदल्या रात्रीच गेले होते. घरी तीन वर्षांची मुलगी होती.

उशीर का केला, असे मी तिच्या नवऱ्याला विचारले. डॉक्टर हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यात अर्धी चौकशी असते आणि अर्धे दोष झटकणे. तो माणूस काही चिडला नाही. तो म्हणाला, ‘साहेब, दोन कारणं झाली. एक तर नाव यादीत आलं असतं तर गल्लीत दूध घालायला कुणी आलं नसतं. आणि दुसरं, पेपरात तुम्हीच म्हणाला होता, घाबरायचं कारण नाही.’

माझे वाक्य खोटे होते असे नाही. शंभरातल्या बहुतेकांसाठी तो साधा तापच होता. पण ती बाई ज्या थोड्यांत मोडत होती, त्यांच्यासाठी मी एकही शब्द खर्च केला नव्हता. गर्दी हटवणे ही माझी गरज होती आणि तीच मी लोकांना सल्ला म्हणून दिली होती.

अफवांवर लिहिताना लोक किती भोळे असतात हे लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मला ती अपुरी वाटते. सप्टेंबर १८९६ मध्ये डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मुंबईच्या मांडवी भागात प्लेग ओळखला आणि पुढच्याच महिन्यात गिरणी कामगारांच्या मोठ्या जमावाने आर्थर रोडच्या साथरोग रुग्णालयावर हल्ला केला. आजचे कस्तुरबा रुग्णालय ते हेच. इस्पितळात नेलेला माणूस जिवंत परत येत नाही, तिथे माणसे मारतात, अशी वदंता होती. वेडगळ वाटते ना? पण त्या कामगाराच्या जागी उभे राहून पाहा. त्याच्या चाळीतून जो नेला तो खरोखरच बहुधा परतला नव्हता. भीतीपोटी माणसे रोग लपवत, अगदी शेवटी नेली जात, शेवटी नेलेली वाचत नसत, आणि मग भीती खरी ठरत असे. हे चाक एकदा फिरू लागले की ते केवळ जाहिरातींनी थांबत नाही. दंडुक्याने तर नाहीच, हे पुढच्या वर्षी पुण्याने पाहिले. गोरे सोजीर घरात शिरून माणसे तपासू लागले तेव्हा लोकांनी रुग्ण आणखी खोल लपवले. त्याच वर्षी त्याच पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना त्याच रोगाने गेल्या. भीती त्यांनाही दिसत असणार. त्यांनी रुग्णांना हात लावला.

२०२० च्या मार्चमध्ये मला वाटले होते की आता तरी आम्ही शहाणे झालो आहोत. महिन्याभरात तो भ्रम गेला. जनता कर्फ्यूच्या आदल्या दिवशी माझ्या आतेभावाने मोठ्या उत्साहाने संदेश पाठवला: विषाणू बारा तास जगतो, कर्फ्यू चौदा तासांचा, म्हणजे सोमवारी सकाळी देश मोकळा. आतेभाऊ इंजिनिअर आहे. मी त्याला एवढेच विचारले, की विषाणू रस्त्यावर राहतो का माणसात? उत्तर आले नाही, पण त्यानंतरचे दहा संदेश आले.

त्याच दिवसांतली एका रिक्षावाल्याची आठवण मात्र मला अधिक बोचते. तेव्हा आम्ही सरकारी सूचनेप्रमाणे सांगत होतो, की निरोगी माणसाने मास्क लावायची गरज नाही. मला घरी सोडताना तो आरशातून माझ्याकडे पाहत म्हणाला, ‘डॉक्टर, आम्हाला त्याचा उपयोग नाही म्हणता, मग तुम्ही का लावलाय?’ मी काहीतरी उत्तर दिले, मास्क नीट घालायचे प्रशिक्षण वगैरे. खरे कारण हे होते की मास्क कमी होते आणि जे होते ते रुग्णालयांना हवे होते. ते सरळ सांगितले असते तर त्या माणसाला पटले असते. आपल्याकडे रेशनच्या रांगेत उभे राहून मोठी झालेली पिढी आहे, टंचाई तिला समजते. आम्ही टंचाईला शास्त्राचे कपडे घातले. एप्रिलच्या सुरुवातीला केंद्राने घरगुती कापडी मास्क वापरा असे सांगितले, जूनमध्ये जागतिक आरोग्य संघटनेनेही सांगितले, आणि रिक्षावाल्याच्या मनात काय उरले असेल? हे लोक काहीही सांगतात. पुढे लसीच्या वेळी तेच मन आम्हाला सामोरे आले, तेव्हा आम्ही त्याला अंधश्रद्धा म्हटले.

मार्चच्या अखेरीस जागतिक आरोग्य संघटनेने हा रोग हवेतून पसरत नाही असे ठासून सांगितले होते. ‘अजून तसा पुरावा हाती नाही’ आणि ‘तसे होत नाही’ या दोन वाक्यांत फार अंतर आहे. त्या अंतरामुळे आपण कितीतरी महिने भाज्या साबणाने धूत बसलो, दुधाच्या पिशव्या उन्हात वाळवल्या, आणि खिडक्या मात्र बंद ठेवल्या. हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनचेही तसेच. आरोग्य कर्मचाऱ्यांनी ती प्रतिबंधासाठी घ्यावी अशी शिफारस आपल्याकडे झाली, पाठोपाठ औषधांच्या दुकानांपुढे लोक उभे राहिले, आणि संधिवाताचे, ल्युपसचे जे रुग्ण वर्षानुवर्षे ती घेत होते त्यांना ती मिळेना. मीही काही आठवडे घेतली, कबूल करतो. कापराच्या पुरचुंडीत आणि माझ्या त्या गोळीत त्या महिन्यापुरता फार फरक नव्हता. फरक नंतर पडला. जूनमध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत रुग्णालयातल्या रुग्णांना तिचा फायदा होत नाही असे दिसले. त्याच चाचणीने हेही दाखवले, की डेक्सामेथासोन हे काही रुपयांत मिळणारे जुने औषध व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांचे मृत्यू तिसऱ्या हिश्शाने कमी करते. पुरचुंडी कुणी कधी तपासली नाही, गोळी तपासली गेली आणि टाकली गेली. शास्त्राकडे हीच एक गोष्ट आहे आणि ती आम्ही लोकांना कधी धड समजावून सांगत नाही. आम्ही निष्कर्ष सांगतो. तो बदलला की मग तोंड लपवतो.

जानेवारी २०२५ मध्ये बेंगळुरूत दोन बाळांना एचएमपीव्ही झाल्याची बातमी आली. त्या एका दिवसात सेन्सेक्स बाराशेहून अधिक अंकांनी घसरला. हा विषाणू २००१ मध्ये नेदरलँड्समध्ये ओळखला गेला होता आणि साठवून ठेवलेल्या रक्ताच्या नमुन्यांवरून तो १९५० च्या दशकातही माणसांत फिरत होता असे दिसते. म्हणजे नवा नव्हताच, फक्त बातमी नवी होती. आमच्या ओपीडीत आया पुन्हा रांगेने बसल्या. या वेळी मी कुणाला ‘घाबरू नका’ म्हटले नाही. बाळ दूध पिते आहे का, श्वास घेताना फासळ्या आत ओढल्या जातात का, हे कसे पाहायचे ते एकेका आईला बाळाचा सदरा वर करून दाखवले. त्याला प्रत्येकी चार मिनिटे लागतात. तीनशे रुग्णांच्या ओपीडीत चार मिनिटे कुठून आणायची, हा प्रश्न शासनदरबारी विचारण्यासारखा आहे. साथ नसते तेव्हा तो कुणी विचारत नाही, मीही नाही.

माझे मत एवढेच आहे, की नव्या विषाणूच्या पहिल्या महिन्यात तर्कवितर्क होणारच. माणूस अंधारात चालताना हात पुढे करतो, तसेच ते आहे. त्या वेळी टीव्हीसमोर बसणाऱ्या प्रत्येक अधिकाऱ्याने आणि डॉक्टरने तीन गोष्टी वेगवेगळ्या सांगाव्यात: काय ठाऊक आहे, काय ठाऊक नाही, आणि जे ठाऊक नाही ते कधीपर्यंत कळेल असे वाटते. तिसरी सर्वांत महत्त्वाची आणि तीच नेहमी राहून जाते. ‘माहीत नाही’ म्हटल्याने लोक बिथरतात, असे वरिष्ठ सांगतात. मला तीस वर्षांत तसे दिसलेले नाही. गाठ कसली आहे ते मी रुग्णाला तपासणीआधी सांगू शकत नाही, ‘गुरुवारी रिपोर्ट येईल, तेव्हा या’ एवढेच सांगतो, आणि माणसे गुरुवारी येतात. मधले दिवस त्यांना झोप लागत नाही हे खरे. पण ती मांत्रिकाकडेही जात नाहीत, कारण गुरुवार ठरलेला असतो.

त्या नवऱ्याची आणि माझी ओळख तुटली नाही. तो अजून रक्तदाबाच्या गोळ्यांना येतो. एप्रिल २०२० मध्ये एका रात्री त्याचा फोन आला. मुलगी आता चौदा वर्षांची, तिला दोन दिवस ताप होता, आई थकलेली, आणि शेजारच्या गल्लीत पत्रे ठोकून रस्ता बंद केलेला. तो म्हणाला, ‘साहेब, या खेपेला घाबरायचं का?’

मी म्हणालो, ‘हो. मुलीसाठी थोडं, आईसाठी जास्त. मुलीचा ताप परवापर्यंत उतरला नाही तर तिला घेऊन या. आईंना अंगणातून फेरी मारायला लावा, रोज दोनदा. दम लागला, ओठ निळसर दिसले, बोलताना वाक्य तुटायला लागलं, तर मला फोन करत बसू नका, रात्र असली तरी सरळ निघा. आणि यादीत नाव येईल. ते येऊ द्या.’

‘थांबा, थांबा,’ तो म्हणाला, ‘कागद घेतो. पहिल्यापासून सांगा.’